रिकामा चोंबू आचेवर

जुना तर मी आहेच, मित्रांनो, पण माझं वय विचाराल तर मीच गोंधळतो, कारण मी दोनदा जन्मलेलो आहे. पहिल्यांदा हौसेनं आणि दुसऱ्यांदा अपघातानं. निदान सगळे जण नव्वद वर्षं त्याला अपघात म्हणत आले. खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तोंड असलं तरी ते बोलायचं नाही, ओतायचं आहे.

मी कथिलाचा चोंबू. तंजावरकडे तमिळमध्ये मला ईयच्चोंबू म्हणतात. पोट गोल, मान आखूड, काठ किंचित बाहेर वळलेला आणि अंगभर हातोडीचे बारीक खळगे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला मी चांदीचा वाटतो, आणि मी काही त्याचा गैरसमज घाईनं दूर करत नाही. मला जन्मात एकच काम येतं, ते म्हणजे सार. तंजावरच्या मराठी घरांत अजून त्याला सारच म्हणतात, शेजारीपाजारी रसम म्हणतात. पितळेत चिंच कळकते, लोखंडात काळी पडते. माझ्या पोटात मात्र ती खुलते. साराला पहिला फेस आला की वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो, आणि माणसं न बोलावता पाटावर येऊन बसतात. हे मी फुशारकीनं सांगत नाही, नुसतं पाहिलेलं सांगतो.

माझ्यात एक मोठी उणीव आहे. पोटात पाणी असेपर्यंत मी कितीही जाळ सोसतो. पण मला रिकामा आचेवर ठेवलंत की संपलं. आधी माझा तळ चकाकतो, मग झोळीसारखा खाली येतो, आणि मग थेंब थेंब गळतो. म्हणून आमच्याकडे नवी सून स्वयंपाकघरात शिरली की देवाच्या पाया पडण्याआधी तिला सांगतात, ‘बाकी काय वाटेल ते कर, रिकामा चोंबू आचेवर ठेवू नको.’ ज्या सुनेच्या हातून तो वितळला, तिची गोष्ट मग तिच्या नातवंडांपर्यंत पोचते.

मला घडवलं कुंभकोणमच्या एका कारागिरानं. मुशीतलं कथील त्यानं दगडावर ओतलं, ते थाळीएवढं झालं, आणि मग लाकडी हातोडीनं ठोकून ठोकून त्यानं त्याला पोट आणलं. कथील वाकताना कुरकुरतं. तो मला म्हणायचा, ‘रडून घे बाबा, पुढे उभा जन्म चुलीपाशी काढायचाय.’ मग एका मराठी घरातल्या आईनं आपल्या लेकीच्या लग्नासाठी मला निवडलं. बाकीची भांडी तिनं वाजवून घेतली, मला मात्र दोन्ही हातांत धरून नुसतं पाहिलं. त्या लेकीचं नाव कामाक्षी. माहेरची एवढी एकच वस्तू तिच्या खास मर्जीतली होती, आणि ती वस्तू म्हणजे मी.

कामाक्षी सासरी आली ती पापनाशमजवळच्या एका गावात. घराच्या मागे कालवा, पुढे नजर पोचेल तिथवर भातशेती, बाजूला नारळाची बाग. हे सगळं अनिरुद्धराव नावाच्या वृद्ध गृहस्थांचं. त्यांना मूलबाळ नव्हतं. पुतण्या मुरलीकृष्ण लहानपणीच पोरका झाला, तेव्हापासून त्यांनी त्याला पोटच्या मुलासारखं वाढवलं होतं. कामाक्षी याच मुरलीकृष्णाची बायको.

मुरली दिसायला देखणा, बोलायला गोड. फक्त त्याला धीर नव्हता. काकांच्या मागे सगळं त्याचंच होणार होतं, पण काका काही जायला तयार नव्हते. साठी झाली, सत्तरी आली, तरी पहाटे कालव्यात पोहायचे आणि जेवायला बसले की वाढणाऱ्याचे हात दुखायचे. शेवटी मुरलीनं मनाशी काय ठरवलं, ते ऐकून मित्रांनो तुम्हाला राग येईल. आणि मग हसूही येईल, आणि हसल्याची लाज वाटेल. माझं तसंच झालं आहे.

पहिल्यांदा त्यानं खिरीत विष घातलं. एका वैद्याच्या हाताखालच्या माणसाकडून त्यानं कसलीशी पूड मिळवली होती. पण आमच्याकडे सणावाराला पहिला घास कावळ्याचा. अनिरुद्धरावांनी भात आणि खीर परसातल्या दगडावर ठेवली, का का करून हाका मारल्या. कावळे आले, वास घेतला, मान वाकडी करून पाहिलं आणि उडून गेले. काका हात जोडून म्हणाले, “पितर रागावलें आहेत. आज घरांत कोणी जेवायचें नाही.” काकांनी दिवसभर उपास केला. त्यांच्या शेजारी बसून, पोटात कावळे ओरडत असताना, मुरलीलाही तो करावा लागला.

या फजितीतून तो एक गोष्ट शिकला. कावळ्याला भात वाढतात, वरण वाढतात, खीर वाढतात. कावळ्याला सार कोण वाढतो?

आणि अशा रीतीनं ही कथा माझ्यापर्यंत आली.

अमावास्येची दुपार होती. कामाक्षीनं सार करून मला चुलीच्या कडेला ठेवलं आणि तूप आणायला ती कोठीच्या खोलीत गेली. तेवढ्यात मुरली आत आला. त्या घरात पुरुषांनी सोवळ्याच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायची रीत नव्हती. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, कनवटीची पुडी सोडली, माझ्यात रिकामी केली आणि पळी फिरवली. मग तो गेला. कोठीच्या अर्धवट उघड्या दारात, हातात तुपाचं भांडं धरून, कामाक्षी उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची असेल. बाहेर पानं मांडली जात होती. ओरडली असती तर नवरा तुरुंगात गेला असता. गप्प बसली असती तर तिच्या डोक्यावर हात ठेवून रोज ‘माझी लक्ष्मी’ म्हणणारा म्हातारा गेला असता. सार नुसतं ओतून नवं केलं असतं तर नवऱ्याला कळलं असतं की हिनं पाहिलंय, आणि पुढची पुडी कशात पडेल ते तिला दिसलं नसतं. एवढं सगळं तिनं किती वेळात पाहिलं? मी तिच्याकडे बघत होतो म्हणून सांगतो, फोडणी तडतडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात.

तिनं तुपाचं भांडं खाली ठेवलं. मला उचललं. परसातल्या राखेच्या खड्ड्यात सगळं सार ओतलं, वर राख ओढली. आत येऊन मला चुलीवर ठेवलं. रिकामा! मी हादरलो. वाटलं, पोर घाबरून विसरली. मग तिनं वाकून एक लाकूड आत सारलं, आणि मला कळलं की ती विसरलेली नाही. ती समोर उभी राहिली. हात पदरात गुंडाळलेले, डोळे माझ्यावर. ओठ हलले. “रागावूं नको,” एवढंच ती म्हणाली. माझा तळ चकाकला, खाली आला, गळू लागला. तिच्या आईनं दोन्ही हातांत धरून निवडलेला मी तिच्या डोळ्यांसमोर राखेत थेंब थेंब पडत होतो, आणि तिनं एकदाही दुसरीकडे बघितलं नाही.

त्या दिवशी मी मेलो. पण भ्यालो नाही, हे खरं सांगतो. एवढ्या मोठ्या कामासाठी कोणी मला कधी वापरलं नव्हतं.

पुढचं मी दुसऱ्या जन्मात ऐकलं. वास आला म्हणून अनिरुद्धराव दारापर्यंत धावत आले. चोंबू चुलीत, सून समोर. “अय्यो, चोंबू गळतो आहे आणि ही बघत उभी!” ते ओरडले, आणि मग त्यांना असं हसू फुटलं की जानवं धरून खालीच बसले. मुरलीही हसला. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला. त्या दिवशी सगळे ताक-भात जेवले. राखेतून कथिलाचा गोळा काढून तो कुंभकोणमला पाठवला, आणि त्याच कारागिरानं मला पुन्हा ठोकून उभं केलं. थोडा मी त्या चुलीतच राहिलो, म्हणून आता जरासा हलका आहे.

मुरली काही सुधारला नाही. कामाक्षी तेव्हापासून स्वयंपाक उतरेपर्यंत चुलीपासून हलत नसे, म्हणून त्यानं विड्याचा घाट घातला. काकांनी प्रेमानं तो विडा उलटा त्याच्याच तोंडात कोंबला. “आधी तूं घे, कण्णा, बाळा!” मुरली चार दिवस आडवा होता, आणि काका उशाशी बसून त्याला पंख्यानं वारा घालत होते. शेवटी पूड देणाऱ्या माणसानं ताडीच्या गुत्त्यावर सगळी बढाई मारली आणि पोलीस दारात आले. हकीकत ऐकून अनिरुद्धरावांनी एवढंच विचारलं, “मुरलीला तिथें जेवायला काय घालता?”

खटला तंजावरच्या कोर्टात चालला. तिथे मीही गेलो होतो, गळ्यात चिठ्ठी बांधून! मी वितळून नव्यानं घडलेला, माझ्यात पुरावा कसला उरणार? पण दोन वकील अर्धा दिवस भांडले, की हा चोंबू तोच चोंबू आहे काय. मी तिकडे टेबलावर बसून त्यांच्याकडे थक्क होऊन बघत होतो.

मग कामाक्षीला बोलावलं. तिला माहीत होतं असं ती म्हणाली असती, तर तिच्या एका वाक्यानं नवऱ्याची शिक्षा कितीतरी वाढली असती. खोटं बोलली असती, तर देवासमोर घेतलेली शपथ मोडली असती. वकिलानं विचारलं, “चोंबू वितळला कसा?”

“आचेवर राहिला.”

“रिकामा?”

“होय.”

“आणि तूं काय करत होतीस?”

कामाक्षी म्हणाली, “बघत उभी होतें.”

सगळं कोर्ट हसलं. पट्टेवाले हसले, वकील हसले, पिंजऱ्यात मुरली हसला. पुढे कोणी काही विचारलंच नाही. एवढ्याशा पोरीनं भर कोर्टात खरं तेच सांगितलं, आणि एवढ्या शहाण्या माणसांपैकी कोणाला ते ऐकू आलं नाही! मित्रांनो, मी गोपुरं पाहिली आहेत, कावेरीचा पूर पाहिला आहे. पण त्या दिवसाइतका मी कशानंच दिपलो नाही.

मुरली काही वर्षांनी सुटून आला. काकांनी त्याला घरात घेतलं. काका नव्वदी ओलांडून गेले, आणि तोवर प्रत्येक पंगतीत ती गोष्ट सांगत राहिले. घरात कोणाच्या हातून दूध उतू गेलं की लोक म्हणायचे, “कामाक्षी झालीस काय?” कामाक्षी ते ऐकून वाढत राहायची. ती मुरलीला उभा जन्म माझ्यातलं सार वाढत होती. मुरली पहिला घोट घेण्याआधी दर वेळी थोडा थांबायचा आणि तिच्याकडे बघायचा. ती पळी हातात धरून उभी असायची. मग तो प्यायचा. दोघं एकमेकांशी त्याबद्दल एक शब्द कधी बोलली नाहीत.

ती दोघं गेली. शेती वाटली गेली, विकली गेली. मी त्यांच्या नातीकडे, राजलक्ष्मीकडे, तंजावर शहरात आलो. राजलक्ष्मी शाळेत शिकवायची, आता निवृत्त आहे. कामाक्षीच्याच मांडीवर ती वाढलेली. पण आता शहरातला फ्लॅट, स्टीलची भांडी आणि इंडक्शनची शेगडी. त्या शेगडीवर मला ठेवलं तरी तिला मी दिसतच नाही, ती नुसती टुकटुक करते. मग मी माळ्यावर गेलो. माझ्या पोटात रबरबँड, जुन्या किल्ल्या आणि एक बंद पडलेलं घड्याळ आलं. फेसाळलेल्या साराच्या जागी किल्ल्या! पण रडतो कोणापुढे?

आणि एके दिवशी चेन्नईहून सुंदर नावाचा तरुण दिग्दर्शक दारात उभा राहिला.

त्यानं त्या जुन्या खटल्याची हकीकत कुठेतरी वाचली होती आणि त्यावर तो तमिळ चित्रपट काढणार होता. विषाच्या पुड्यांचा, आणि तरी हसवणारा. राजलक्ष्मीनं त्याला कॉफी दिली, मान डोलावली, आणि खुर्चीवर चढून मला खाली काढलं. किल्ल्या ताटात ओतल्या. सुंदरनं मला हातात घेतलं तेव्हा त्याचे डोळे देवळात आल्यासारखे झाले. “हाच तो?” त्यानं विचारलं. तो तमिळमध्ये बोलायचा, मी तुम्हाला मराठीत सांगतो आहे. “अम्मा, तुमच्या आजीचा सीन म्हणजे सगळ्या सिनेमातली सगळ्यांत मोठी धमाल आहे. ती अडखळते, सार सांडतं, गडबडीत रिकामा चोंबू चुलीवर! तिच्या वेंधळेपणानं म्हातारा वाचतो.”

राजलक्ष्मी हसली. पण तो गेल्यावर ती बराच वेळ मला चिंचेनं घासत बसली. घासलेल्या जागीच पुन्हा पुन्हा घासत होती. “घरांत हसलो ते हसलो,” ती मला म्हणाली, “आता सगळें जग हसणार आजीवर.” तिला सुंदरला नाही म्हणता आलं नव्हतं, आणि हो म्हटल्याची रुखरुख लागली होती. माझी मात्र नुसती तगमग. मला सगळं माहीत, आणि मी ओला, चकचकीत, मुका.

चित्रीकरण पापनाशमजवळच्याच एका गावात होतं. मी इतका चकचकीत दिसलो की मला काजळी फासून जुनं केलं. जुन्याला जुना करायला माणसं पगार घेतात, हेही मी पाहिलं! वितळायच्या धोक्याच्या कामासाठी कुंभकोणमहून नवेकोरे चोंबू आणले होते. मला राजलक्ष्मीच्या मांडीवर बसवलं, आणि आम्ही दोघं बघू लागलो.

कामाक्षीचं काम करत होती हरिता. ती आपल्याच मराठी लोकांतली, पण चेन्नईत वाढलेली. मराठी सगळी कळायची, बोलताना मात्र अडखळायची. पहिल्या खेपेला तिनं ठरल्याप्रमाणे ठेच खाल्ली, सार सांडलं, चोंबू रिकामाच चुलीवर ठेवला, कपाळावर हात मारला, गोल फिरली. चुलीतला जाळ खरा होता. चोंबूचा तळ चकाकला मात्र, आणि हरितानं झटकन फडक्यानं तो उचलला.

“उचललास का?” सुंदर ओरडला.

“सॉरी, कळलं नाही. हात गेला.”

दुसऱ्या खेपेलाही तिचा हात गेला. मग सुंदरनं तोड काढली. तिला पाणी आणायला बाहेर पळवलं, ती परत येईतो चोंबू गळून गेला. सगळ्या मंडळींनी हसून टाळ्या दिल्या. राजलक्ष्मी हसली नाही.

“तसें नव्हतें तें,” ती म्हणाली. आधी हळू, मग मोठ्यानं, तमिळमध्ये. “ती बाहेर गेली नव्हती. तिथेंच उभी होती. आजोबांचे काका तसेंच सांगायचे म्हणे. ती कोर्टात पण तेंच म्हणाली. बघत उभी होतें.”

“सेरि, बरं अम्मा,” सुंदर म्हणाला. “मग उभी करू. तोंड उघडं टाकून उभी. आणखी मजा येईल.”

हरिता उभी राहिली. कॅमेरा सुरू झाला. तिनं तोंड उघडलं, डोळे वटारले, आणि एक-दोघं हसलेही. पण कथील काही लगेच वितळत नाही, मित्रांनो. तळ चकाकला. हरिताचा हात पुढे आला आणि तिनं तो मागे खेचला. तळ खाली आला. तिचं तोंड मिटलं. जाळाची लाकडं तडतडत होती. मी माझ्या त्या नव्या भावाकडे बघत होतो, आणि माझ्या तळाशी जुनी आच लागल्यासारखी वाटत होती. हरितानं दुसऱ्या हातानं आपला हात धरून ठेवला. मग पहिला थेंब पडला. आता तिच्या चेहऱ्यावर वेंधळेपणाचा मागमूस नव्हता. नव्वद वर्षांपूर्वी मी जो चेहरा पाहिला होता, तो पुन्हा माझ्यासमोर होता. तिला कोणी शिकवला नव्हता. ती फक्त तेवढा वेळ तिथे उभी राहिली होती.

सुंदर ‘कट’ म्हणायचं विसरला.

चूल विझवल्यावर हरिता सरळ राजलक्ष्मीच्या पायाशी येऊन बसली. “आजी,” ती मोडक्या मराठीत म्हणाली, “माझा हात गेला. दोन वेळा. तिसऱ्या वेळेला मी धरून ठेवलें, तरी जात होता. तिचा कां नाही गेला?”

राजलक्ष्मीनं मला जवळ ओढलं. तिची बोटं माझ्या काठावर फिरत होती. मग ती म्हणाली, “आजोबा साराचा पहिला घोट घ्यायच्या आधी थांबायचे. आजीकडे बघायचे. आम्ही पोरें हसायचो, गरम असेल म्हणायचो.” तिचा आवाज बारीक झाला. “तिनें कोर्टात खरेंच सांगितलें की ग. कोणीं ऐकलें नाही. मी पण नाही.” आणि ती पदर डोळ्यांना लावून रडली. माझ्यात दोन थेंब पडले. नव्वद वर्षांत इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

सुंदर काजळी लागलेले हात पुसत उभा होता. तो वाईट माणूस नव्हता, अडचणीत सापडलेला माणूस होता. “अम्मा, ही धमाल आहे म्हणून निर्माते तयार झाले. ती एवढा वेळ उभी राहिली तर लोकांचं हसू मरेल.”

“हसूं द्या त्यांना,” राजलक्ष्मी म्हणाली. “हसूं नका असें मी म्हणत नाहीं. आम्हीपण हसलों. पण ती उभी आहे तोंवर मधें कापूं नका.”

“बघतो,” तो म्हणाला. त्यानं वचन दिलं नाही.

त्यानंतर कितीतरी महिने गेले. चित्रपट चेन्नईत कापला जात होता, जोडला जात होता, आणि इकडे राजलक्ष्मी फोन वाजला की दचकत होती. मी आता माळ्यावर नव्हतो. तिनं मला देवघराशेजारच्या फळीवर ठेवलं होतं. पण ठेवलं असलं तरी तिचं माझ्याकडे लक्ष नसे. तिच्या डोक्यात एकच होतं, कापलं की ठेवलं.

चित्रपट तंजावरला लागला तेव्हा तिनं मला कापडी पिशवीत घातलं आणि रिक्षा केली. थिएटरच्या दारात रखवालदारानं पिशवी उघडली. “बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, अम्मा. यात रसम आहे?” “रिकामा आहे बाबा,” राजलक्ष्मी म्हणाली, “वास घेऊन बघ.” त्यानं खरंच वास घेतला, आणि आम्हाला सोडलं.

अंधार झाला. केवढी ती भिंतीएवढी माणसं! मी स्वतःला पाहिलं, बैलगाडीएवढा. माझे खळगे तळ्यांएवढे. लोक खो खो हसत होते. कावळ्यांनी खीर नाकारली तेव्हा कोणीतरी शिट्टी मारली. विषाच्या पुडीवर शेकडो माणसं हसतात आणि त्यांच्यातला एकही वाईट नसतो, हे पाहून मी चकित झालो. राजलक्ष्मीनं मात्र पिशवी घट्ट धरली होती.

मग ती दुपार आली. पडद्यावर कोणी अडखळलं नाही. कामाक्षी सार घेऊन परसात गेली, रिकामा चोंबू घेऊन परत आली, आणि तिनं तो चुलीवर ठेवला. थिएटरमध्ये हशा फुटला. आमच्याकडे ही चूक सगळ्यांना माहीत असते. “अय्यो, ईयच्चोंबू!” बायका ओरडल्या, आणखी हसल्या. राजलक्ष्मीनं श्वास धरला. तळ चकाकला. कामाक्षी उभी. तळ खाली आला. कामाक्षी उभी. हसू पातळ होत गेलं, जसा आच काढल्यावर फेस बसतो. पहिला थेंब पडला, दुसरा पडला. सुंदरनं कापलं नव्हतं. शेवटचा तुकडा राखेत पडेपर्यंत त्यानं कुठेही कापलं नव्हतं. मागच्या रांगेतून एका बाईचा आवाज आला, हळू, तमिळमध्ये. “तिला माहीत आहे.”

पुढे कोर्ट आलं. वकिलानं विचारलं, ‘आणि तू काय करत होतीस?’ तमिळ चित्रपटात एवढं एकच वाक्य हरितानं आपल्या भाषेत म्हटलं. “बघत उभी होतें.” पडद्यावरचं सगळं कोर्ट हसलं. थिएटरमध्ये कोणीच हसलं नाही. एवढी माणसं, आणि पंख्याचा आवाज तेवढा येत होता. राजलक्ष्मीनं पिशवीत हात घालून माझ्या पोटावर ठेवला. “ऐकलें आजी त्यांनी,” ती कुजबुजली.

आता दर अमावास्येला राजलक्ष्मी गॅसची लहान शेगडी काढते आणि माझ्यात सार करते. हरिता तंजावरला आली की तीही पाटावर बसते. पहिला घोट घेण्याआधी सगळे थोडे थांबतात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद माळ्यावर किल्ल्या सांभाळत बसला असेल, तर त्याला खाली काढा. चिंचेनं घासा, पोटात पाणी घाला, आच मंद ठेवा. आणि तुमच्या घरात पिढ्यान् पिढ्या कोणाच्या वेंधळेपणाची गोष्ट सांगून हसत असाल, तर पुढच्या वेळी ती सांगताना जरा सावकाश सांगा, मधे कापू नका. रिकामा मात्र मला आचेवर कधी ठेवू नका. मला तसं ठेवण्याचा हक्क आजवर एकाच बाईचा होता, आणि ती पुन्हा आली तर मी पुन्हा वितळायला तयार आहे.